भूकंपाआधीची दुरुस्ती: पैसा पाणीपट्टीतून घ्यावा की मालमत्ता करातून?

सॅन फ्रान्सिस्को आणि खाडीभोवतालच्या गावांतील सुमारे 27 लाख लोकांच्या नळाला येणारे बहुतांश पाणी योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातील ‘हेच हेची’ (Hetch Hetchy) नावाच्या जलाशयातून 167 मैलांवरून येते. 1934 साली ते प्रथम खाडीकाठी पोचले, आणि त्या काळातील बोगदे व जलवाहिन्या कॅलव्हेरस, हेवर्ड आणि सॅन अँड्रियास या भ्रंशरेषांच्या (जिथे जमिनीखालचा खडक तुटून सरकतो व भूकंप होतो) टापूतूनच काढलेल्या होत्या. फ्रीमॉंट, मिल्पीटस, सनीव्हेल येथे राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या घरी याच व्यवस्थेचे पाणी येते. भूकंपात या वाहिन्या टिकाव्यात म्हणून करायच्या दुरुस्तीसाठी पाणीपट्टीवाढीची सूचना किंवा रोख्यांची (म्हणजे सार्वजनिक कर्जाची) मतपत्रिका हाती आल्यावर काय पाहावे, यासाठी ही तुलना आहे.

काम किती निकडीचे असते ते हेवर्ड गावात पायी फिरताना दिसते. भ्रंशरेषा वर्षाला सुमारे पाच मिलिमीटर सरकत असल्यामुळे पदपथाच्या कडेचे एका ओळीतले दगड हळूहळू एकमेकांपासून बाजूला गेलेले आढळतात. जी जमीन एरवी अशी मिलिमीटरने सरकते, ती मोठ्या धक्क्यात काही सेकंदांत कित्येक फूट सरकू शकते. म्हणूनच फ्रीमॉंटमध्ये भ्रंशावरून जाणारी मोठी पोलादी जलवाहिनी आता काँक्रीटच्या भुयारी खोलीत, वळू आणि सरकू शकणारे सांधे देऊन बसवली आहे.

पहिला मार्ग महसुली रोख्यांचा. नोव्हेंबर 2002 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी सुमारे 160 कोटी डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. त्यांची परतफेड पाणीपट्टीतून होते, म्हणजे जो जितके पाणी वापरतो तितका भार तो उचलतो. या व्यवस्थेचे सुमारे दोन तृतीयांश पाणी शहराबाहेरच्या 26 घाऊक ग्राहक संस्थांकडे (पाणी विकत घेऊन आपापल्या गावांना पुरवणाऱ्या संस्थांकडे) जाते, हे लक्षात घेतले की या पद्धतीतील न्याय दिसतो. याची किंमत मात्र व्याजात मोजावी लागते. पाच टक्के दराने 30 वर्षांसाठी घेतलेल्या प्रत्येक 100 डॉलरची परतफेड सुमारे 195 डॉलर होते. शिवाय दुष्काळात लोक पाणी वाचवतात तेव्हा हप्ता तेवढाच राहतो आणि दर चढतो. तरीही पुढची अनेक दशके वापरात राहणाऱ्या बोगद्याचा खर्च त्या काळातील वापरकर्त्यांत वाटला जावा, हे मला योग्य वाटते.

दुसरा मार्ग अधिभाराचा. खाडीच्या पूर्वेकडील ओकलंड-बर्कली भागाला पाणी देणाऱ्या संस्थेने 1990च्या दशकात सुमारे 19 कोटी डॉलरचा भूकंप-सुधारणा कार्यक्रम हाती घेतला आणि त्यासाठी ग्राहकांच्या बिलात वेगळा अधिभार लावला. आपण नेमके कशाचे पैसे देतो हे ग्राहकाला दिसते, हा याचा मोठा गुण. मात्र कर्ज टाळून केवळ जमेल तसा पैसा साठवत काम करायचे ठरवले, तर व्याज वाचते पण काम लांबते, आणि भूकंप त्या वेळापत्रकाची वाट पाहत नाही. टाक्या आणि झडपा बदलण्यासाठी ही पद्धत पुरेशी आहे. मैलोगणती बोगद्यांसाठी नाही.

तिसरा मार्ग मालमत्ता करातून फेडायच्या रोख्यांचा. 1906च्या भूकंपानंतर जलवाहिन्या फुटल्याने आग आटोक्यात आली नाही, हा धडा घेऊन सॅन फ्रान्सिस्कोने आग विझवण्यासाठी स्वतंत्र उच्च दाबाची पाणी व्यवस्था उभारली. तिच्या दुरुस्तीला 2010, 2014 आणि 2020 च्या रोख्यांतून पैसा मिळाला. आगीपासून इमारती वाचतात, तेव्हा इमारतींच्या मालकांनी पैसे द्यावेत हे सरळ आहे. प्रादेशिक जलवाहिनीला मात्र हा मार्ग बसत नाही, कारण एका शहराचा मालमत्ता कर शेजारच्या गावांकडून वसूल होत नाही. अशा रोख्यांसाठी दोन तृतीयांश मतेही लागतात. आणखी एक बाब नव्याने घर घेतलेल्यांनी जरूर पाहावी. कॅलिफोर्नियात 1978 पासून घराचे करपात्र मूल्य विक्री होईपर्यंत वर्षाला जास्तीत जास्त दोन टक्केच वाढते, त्यामुळे शेजारच्या तशाच जुन्या घराच्या तुलनेत नव्या मालकाच्या वाट्याला कितीतरी मोठी रक्कम येते.

केंद्राचे अनुदान मिळाले तर घ्यावे, पण त्याच्या भरवशावर वेळापत्रक बांधू नये.

त्यामुळे मुख्य जलवाहिन्या आणि बोगद्यांसाठी मी महसुली रोख्यांच्या बाजूने मत देईन, पण एका अटीवर. हेच हेचीच्या एकूण कामाचा 2002 मधील अंदाज 360 कोटी डॉलरचा होता आणि तो पुढे 480 कोटींवर गेला. घाऊक ग्राहकांच्या गावांतील नागरिकांना सॅन फ्रान्सिस्कोच्या निवडणुकीत मत नाही, म्हणून राज्याच्या विधिमंडळाने 2002 मध्येच कायदा करून कामांची यादी आणि मुदती ठरवण्याचे, तसेच त्यांतील बदल राज्याला कळवण्याचे बंधन घातले. पुढे खाडीखालचा पाच मैलांचा नवा बोगदा झाला, आणि आयर्व्हिंग्टनच्या जुन्या बोगद्याशेजारी दुसराही झाला, ज्यामुळे जुना बंद करून तपासणे शक्य झाले. आपल्या मतपत्रिकेसोबतच्या माहितीत कामांची अशी नावनिशीवार यादी, प्रत्येकाची मुदत आणि भूकंपानंतर किती तासांत पाणी सुरू होईल याचे लेखी उद्दिष्ट आहे का, ते तपासावे. हेच हेचीसाठी ते उद्दिष्ट 24 तासांचे आहे. असे काहीच दिलेले नसेल, तर सार्वजनिक सुनावणीत ते मागावे आणि मिळेपर्यंत संमती देऊ नये.