कॅनन १६-३५ मिमी एफ/२.८ लेन्स: दुसरी आवृत्ती की तिसरी?

फरक दिसतो तो कोपऱ्यांत. २००७ ची दुसरी आवृत्ती १६ मिमीला (सर्वांत रुंद दृश्याला), एफ/२.८ वर (अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत सोडणारं छिद्र, पूर्ण उघडं असताना) मध्यभागी चांगली धारदार आहे, पण कडेला चित्र विरघळतं. रात्रीच्या आकाशात तर कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे पसरतात. हा कोमा, म्हणजे लेन्सचाच दोष, आणि फोकस कितीही नीट केला तरी तो जात नाही. अॅपर्चर बारीक करावं लागतं. २०१६ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो बराच आटोक्यात आहे आणि पूर्ण उघड्या अॅपर्चरलाही कडा वापरण्याजोग्या मिळतात.

किंमत मोजावी लागते ती वजनात: ६४० ग्रॅमच्या जागी ७९०. शिवाय १६ मिमीला कोपरे चांगलेच काळवंडतात. सॉफ्टवेअरने ते उजळले, की उच्च आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता वाढवल्यावर) तिथेच नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, वर येतो.

फिल्टर दोन्हींना ८२ मिमीचेच. २००१ च्या पहिल्या आवृत्तीचे ७७ मिमीचे मात्र बसणार नाहीत. हूडही (आडवा प्रकाश अडवणारी पुढची कड) वेगळे: दुसरीला ईडब्ल्यू-८८ आणि तिसरीला ८८डी.

एक गोष्ट जुनीचीच आवडते. तिच्या अॅपर्चरच्या ७ पात्यांमुळे एफ/१६ ला, म्हणजे छिद्र बारीक केल्यावर, दिव्याभोवती १४ ठसठशीत किरणं येतात. नवीच्या ९ पात्यांची १८ जरा दाटीवाटीची वाटतात.

वापरलेली घेताना ट्रायपॉडवरून सपाट भिंत एफ/२.८ ला टिपा. एकच कोपरा इतरांपेक्षा मऊ आला, तर आतली एखादी काच सरकलेली असण्याची शक्यता आहे. दिवसा, एफ/८ वर निसर्गदृश्यं टिपणाऱ्याने तिसरीसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत.