४८०० एमएएच लिहिलेले सेल घेऊ नका, मी फसलोय

नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत पाण्यात गेल्या तेव्हाची गोष्ट. आमचे काका देवगडात पहाटे ३ वाजता खाडीत जातात, टॉर्च दोन सेलचा, आणि साधे सेल सारखे फेकायला लागायचे म्हणून म्हटलं रिचार्जेबल घेऊया. कणकवलीत एका दुकानात ४ पेन्सिल सेलचं (एए) पाकीट मिळालं, ३६० रुपये, वर मोठ्या अक्षरात ४८०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो तो आकडा. मी खूश झालो, घरातले जुने सेल तर फक्त २००० चे होते.

चार्जर मी स्वतःच केलेला आहे, १२ व्होल्टचा अडॅप्टर, एक एलएम३१७ (करंट ठरावीक ठेवणारी छोटी आयसी) आणि ६.२ ओहमचा रेझिस्टर, बस. १.२५ भागिले ६.२ म्हणजे साधारण २०० मिलिअँपिअर, चार सेल एकापाठी एक लावायचे, २००० च्या सेलला १४ ते १६ तास ठेवायचं. दोन वर्षं हेच चाललंय, जुने सेल शेवटी शेवटी जरा कोमट होतात एवढंच.

नवे सेल रात्री ८ ला लावले आणि ११ च्या सुमारास आईने हाक मारली, ‘अरे, ह्यां काय तापलां हा बघ!’ बोट ठेववत नव्हतं. मला वाटलं सर्किट गेलं. मीटर लावला तर १९८ मिलिअँपिअर, म्हणजे करंट बरोबर. तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं की सेल खरंच ४८०० चा असेल तर २०० चा करंट म्हणजे त्याला काहीच नाही, तीन तासात तो गरम व्हायचा प्रश्नच नाही. सेल भरला की पुढचा करंट उष्णतेत जातो, म्हणजे हे तीन तासातच भरले होते. पण मी काढून ठेवले, सकाळी परत थोडा वेळ लावले आणि काकांना दिले. काका जाळं ओढत होते तेव्हा टॉर्च विझला, जवळचे दुसरे दोन सेल घातले तेही तासा-दीड तासात संपले, आणि उजाडेपर्यंत अंधारात बसून राहिले. त्याचं मला फार वाईट वाटलं, कारण सेल मी दिले होते.

दुकानदार म्हणाला, ‘घरी बनवलेल्या चार्जरवर लावलात ना? मग जळणारच.’ मी गप्प परत आलो, खरंच माझीच चूक असेल असं वाटत होतं.

मग नीट तपासलं. १० ओहमचे दोन रेझिस्टर समांतर जोडून एकेका सेलवर लावले आणि १ व्होल्टपर्यंत यायला, म्हणजे संपायला, किती वेळ लागतो ते बघितलं. जुना २००० चा सेल जवळजवळ ८ तास चालला. नवा २ तास १० मिनिटं. म्हणजे हिशेबाने ५०० च्या आसपास. ओळखीच्या सोनाराकडे काट्यावर ठेवले, जुना २७ ग्रॅम आणि नवा १५. आत मालच अर्धा. या आकाराचा निकेल मेटल हायड्राइड (म्हणजे असाच रिचार्जेबल) सेल २५००, फार तर २८०० च्या वर येतच नाही, त्यामुळे ४८०० लिहिलेलं दिसलं की तिथेच खोटं समजा. घेताना हातात तोलून बघा, आणि पक्कं बिल घ्या, त्यावर सेलचं नाव आणि आकडा लिहून घ्या, म्हणजे १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायला काहीतरी हातात असतं. माझ्याकडे साध्या कागदावर ‘टॉर्च सामान ३६०’ एवढंच होतं.

परत गेलो तर तो कागद बघून म्हणाला यावर सेल कुठे लिहिलंय. मी तिथे उभा असतानाच एक कॉलेजचा मुलगा आला आणि तेच पाकीट मागितलं. मी खिशातला आमचा जुना सेल काढून त्याच्या एका हातावर ठेवला आणि दुसऱ्या हातात ते पाकीट उघडून एक सेल दिला. त्याने दोन्ही तोलले, दुकानदाराकडे बघितलं आणि पाकीट काउंटरवर ठेवून निघून गेला.