हळूहळू, आपल्या गतीने चालणारी ट्रॉमा थेरपी: आठ-नऊ महिन्यांनंतरचा माझा अनुभव

ट्रॉमा थेरपी, म्हणजे जुन्या मानसिक धक्क्यांवरचे उपचार, सुरू करून आता आठ-नऊ महिने होत आले. मधल्या काळात दोघी-तिघी मैत्रिणींनी विचारलं की तू जातेस ते नक्की काय असतं, फरक पडतो का, पैसे वसूल होतात का. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. लांब होणारे, आधीच सांगते.

पार्श्वभूमी थोडक्यात, कारण डिटेल्स मला लिहायचे नाहीत आणि तुम्हाला लागणारही नाहीत. घरात वडिलांचं पिणं, आरडाओरडा, मारहाण, हे मी शाळेत असल्यापासून कॉलेज संपेपर्यंत. मग नोकरी, लग्न, पुण्यात फ्लॅट, सगळं रीतसर झालं. पण चाळिशी जवळ आली तरी जिन्यात जड पावलं वाजली की पोटात गोळा यायचा, आणि नवऱ्याने क्रिकेट बघताना जरी आवाज चढवला तरी मी सुन्न, म्हणजे समोरचा बोलतोय ते ऐकू येतंय पण आत काही पोचत नाहीये. झोपेचं तर विचारूच नका. नातेवाइकांचं म्हणणं ठरलेलं, झालं गेलं गंगेला मिळालं, शेवटी वडील आहेत तुझे.

याआधी एका ठिकाणी जाऊन आले होते, नाव नको. तिथे पहिल्याच भेटीत "सगळं सांगा, मोकळ्या व्हा" असं झालं, मीही तासभर भडाभडा बोलले, रडले, आणि नंतर कित्येक रात्री दचकून उठत होते, ऑफिसात लक्ष नाही, मुलावर चिडचिड, परत तिकडे पाऊल टाकलं नाही. आपल्याकडे एक समज पक्का आहे की मनातलं बाहेर पडलं की माणूस हलका होतो. रोजच्या दुःखात होतही असेल. पण ब्रिटनमधल्या नाइस या सरकारी आरोग्य संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर त्यात सरळ म्हटलंय की मोठ्या धक्क्यातून गेलेल्या माणसाला बसवून सगळं वदवून घेण्याचं जे डिब्रीफिंग असतं ते पीटीएसडीसाठी, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासासाठी, देऊ नका. हे वाचल्यावर मला जरा बरं वाटलं, म्हणजे माझ्यातच काही खोट नव्हती तर.

आताच्या थेरपिस्ट मॅडमनी पहिल्या सेशनला सांगितलं की सुरुवातीचे काही आठवडे आपण त्या घटनांबद्दल बोलणारच नाही. मनात म्हटलं, मग पन्नास मिनिटांचे पंधराशे रुपये कशाचे? तर त्या काळात झालं ते असं. झोपेचं वेळापत्रक, कुठल्या गोष्टीने ट्रिगर होतं त्याची वही, आणि ग्राउंडिंग, म्हणजे घाबरायला झालं की लक्ष आजूबाजूच्या गोष्टींवर आणून आत्ताच्या क्षणात परत येणं. ग्राउंडिंगचा तो सगळीकडे दिसणारा प्रकार आहे नं, दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, वासाच्या दोन, चवीची एक, तो मला बऱ्यापैकी लागू पडला. डोळे मिटून दीर्घ श्वास मात्र अजिबात नाही, उलट जास्तच घाबरायला झालं. मॅडम म्हणाल्या होतं असं बऱ्याच जणांचं, सोडून द्या, डोळे उघडेच ठेवा. शेवटी माझ्यासाठी चाललं काय तर गार पाण्याचा स्टीलचा पेला दोन्ही हातात धरून पाय जमिनीवर दाबून बसणं. अजूनही ऑफिसच्या डेस्कवर तो पेला आहे, लोकांना वाटतं ही बाई पाणी फार पिते.

त्यांनी एक चित्र काढून दाखवलेलं, दोन आडव्या रेषा. वरच्या रेषेच्या वर गेलं की धडधड, घाम, पळून जावंसं वाटणं. खालच्या रेषेच्या खाली गेलं की सुन्न, बधिर. काम जे करायचं ते मधल्या पट्ट्यात असतानाच करायचं, बाहेर गेलं की थांबायचं. डॅन सीगल नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९९९ मध्ये ही कल्पना मांडली म्हणे. त्या आधीच्या ठिकाणी मी तासभर वरच्या रेषेच्या बाहेरच बसले होते हे चित्र बघून लगेच कळलं.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितेय. मी हात वर केला की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही, असं ठरलं होतं. आणि नुसतं ठरवलं नाही, मॅडमनी आधी त्याची प्रॅक्टिस घेतली, तीही एका फालतू विषयावर, सोसायटीतल्या पार्किंगच्या भांडणावर. मी सांगत होते, त्या प्रश्न विचारत होत्या, म्हणाल्या आता मध्येच कधीतरी हात वर करा. मी केला. त्या वाक्य अर्धवट सोडून गप्प बसल्या. चेहऱ्यावर नाराजी नाही, "बरं पण एवढं तरी सांगा" नाही, काही नाही. आणि मला रडूच फुटलं, पार्किंगच्या भांडणावर! कारण आमच्या घरात "थांबा" म्हटल्यावर कधी कोणी थांबलंच नव्हतं. माझ्या मते औषध हेच आहे, बाकीची टेक्निक्स त्याच्या पुढची. जे झालं तेव्हा आपल्या हातात काहीच नव्हतं, म्हणून आता कुठली आठवण, किती, केव्हा, हे आपल्याच हातात पाहिजे. सावकाश जाणं म्हणजे उपचाराला उशीर असं मला तोवर वाटायचं, तिथून पुढे नाही वाटलं.

मग आठवणी. शून्य ते दहा असे मार्क द्यायचे, दहा म्हणजे सहन न होणारी. मी आपली थेट नऊवाली काढायला निघाले, एकदाचं संपवून टाकू म्हणून. त्यांनी तीनवाली घेतली. रात्री स्कूटर स्टँडला लावल्याचा आवाज, बस, एवढंच. त्यात अर्धा मिनिट राहायचं, मग परत खोलीत यायचं, पंखा बघायचा, खिडकीबाहेरचं बघायचं, अंग कुठे आवळलंय ते सांगायचं, सैल झालं की परत अर्धा मिनिट. बघणाऱ्याला वाटेल हे काय चाललंय. पण काही आठवड्यांनी ते तीनवालं एकवर आलं आणि गंमत म्हणजे ज्या पाचवालीला आम्ही हातही लावला नव्हता तीसुद्धा जरा उतरली.

बऱ्याच नंतर ईएमडीआर सुरू केलं. फ्रान्सिन शपिरो यांनी १९८७ मध्ये शोधलेली पद्धत, आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवायचे, जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये मोठ्यांच्या पीटीएसडीसाठी सुचवलेल्या उपचारांत ही आहे. ऑनलाइन असले की डोळ्यांऐवजी हात छातीवर फुलीसारखे ठेवून आलटून पालटून थोपटायचं. हे थोपटणं मेक्सिकोतलं, १९९७ च्या पॉलिन चक्रीवादळातून वाचलेल्या अकापुल्कोच्या लोकांबरोबर काम करताना सापडलेलं. मला आधी हा सगळा जादूटोणाच वाटला. अजूनही डोळे फिरवल्याने नक्की काय होतं यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. पण मला उपयोग झाला, तर झाला.

आता दुसरी बाजू. हळू जाणं आणि नुसतं रेंगाळणं यात फरक आहे, आणि तो बाहेरून पटकन दिसत नाही. मधे एक काळ असा गेला की मी दर आठवड्याला ऑफिसच्या कटकटी सांगायचे, त्या ऐकायच्या, महिन्याचे सहा हजार जायचे. मी सरळ विचारलं की आपण कुठे चाललोय. त्यांना राग आला नाही, त्यांनी सुरुवातीची उद्दिष्टं लिहिलेला कागद काढला, आणि तेव्हापासून दर पाच-सहा सेशननंतर आढावा घेतो. तुमच्या थेरपिस्टला या प्रश्नाचा राग आला तर विचार करा बरं का. आणि सगळ्यांना एवढा वेळ लागतोच असंही नाही. त्याच नाइसच्या सूचनांत ट्रॉमावरच्या सीबीटीची (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी) साधारण ८ ते १२ सेशन्स म्हटलीत, गरज पडली तर जास्त. एखादा अपघात झालाय, बाकी लहानपण ठीक होतं, अशांचं त्यात भागू शकतं. वर्षानुवर्षं घरातच झालेलं असेल तर प्रकरण निराळं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, कॉम्प्लेक्स पीटीएसडी असं वेगळं निदानच आहे. त्यातही आधी एवढी लांब तयारी हवीच का यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. मला हवी होती, एवढंच मी सांगू शकते.

खर्चाचं म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यायला हवं, पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झालात तरच पैसे देतात, दर आठवड्याच्या सेशनचे नाही. माझे सगळे खिशातूनच गेले. झोपेसाठी मधे सायकियाट्रिस्टकडेही जावं लागलं, गोळ्या चालू आहेत, त्याची लाज वगैरे काही नाही.

फरक काय पडला? बहुतेक रात्री सलग झोपते. नवरा आता मॅच बघताना बिनधास्त ओरडतो. गणपतीत सांगलीला भावाकडे गेले, वडील त्याच हॉलमध्ये होते, आरतीला उभी राहिले, टाळ वाजवले, आणि मग मुक्कामाला मावशीकडे गेले कारण मला तिकडे झोपायचं नव्हतं. वहिनीने तोंड वाकडं केलं. माफ केलं का? नाही. मॅडमनी एकदाही माफ करा म्हटलं नाही, याबद्दल त्यांना वेगळे मार्क. दिवाळीतले फटाके मात्र यंदाही जडच गेले, सुतळी बॉम्ब वाजला की मी बाथरूममध्ये. दारूचा वास अजून सातवर आहे, त्याला हात लावलेला नाही.

शोधत असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला आरसीआयचा, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया या सरकारी संस्थेचा, नोंदणी क्रमांक विचारा, आणि ट्रॉमाचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का तेही. मराठीत बोलता येईल असंच माणूस बघा, मला तरी इंग्रजीत बोलताना सगळं दुसऱ्याच कोणाचं तरी वाटायचं. पैसे नसतील किंवा रात्री-अपरात्री फार वाईट वाटत असेल तर सरकारी टेलि-मानस आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीतही बोलतात. आत्ता घरात मारहाण चालूच असेल तर मात्र आधी तिथून सुरक्षित बाहेर कसं पडायचं ते बघा, जुन्या आठवणी नंतर.

ऑनलाइन घेणार असाल तर जागा आधी ठरवा. आमच्या टू बीएचकेमध्ये सासूबाई आणि मुलगा असताना शक्यच नव्हतं, म्हणून माझी निम्मी सेशन्स सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून झालीत, वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय की ऑफिसची मीटिंग असते. आणि हेडफोन वायरवाले घ्या, ब्लूटूथचं चार्जिंग नेमकं नको तेव्हा संपतं.