लँडसॅट की सेंटिनेल-२?

दुबईचं पाम जुमेराह, म्हणजे समुद्रात भर घालून केलेलं खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, वरून बघायचं तर लँडसॅट (अमेरिकेचे उपग्रह) आणि सेंटिनेल-२ (युरोपचे उपग्रह) या दोन्हीचे फोटो फुकट मिळतात, पण काम वेगळं आहे. बेट कसं घडलं ते बघायचं असेल तर लँडसॅटच, कारण हा प्रोग्रॅम १९७२ पासून चालू आहे आणि बेटाचं काम सुरू झालं २००१ ला, म्हणजे आधीचा मोकळा समुद्र, मग खोड, मग फांद्या, सगळं सापडतं. पिक्सेल, म्हणजे फोटोतला एक ठिपका, मात्र जमिनीवरच्या ३० मीटरचा, फांद्यांच्या कडा पुसट येतात. सेंटिनेल-२ चा १० मीटरचा, बाहेरच्या बांधात पाणी खेळतं राहावं म्हणून ठेवलेल्या फटीसुद्धा नीट दिसतात, भारी वाटतं! पण तो २०१५ नंतरचाच. किनाऱ्याची वाळू आत्ता कुठे सरकतेय हे बघायला मी सेंटिनेलच घेईन.