थेट एच.264, थेट एच.265 की आधी मास्टर? एक्सपोर्टच्या तीन वाटा

व्हिडिओचं एडिट लॉक झालं, म्हणजे आता बदल नाहीत असं ठरलं, की एक्सपोर्टसमोर तीन वाटा असतात. टाइमलाइनवरून थेट एच.264 काढायचा, थेट एच.265 काढायचा, किंवा आधी प्रोरेस वा डीएनएक्सएचआर या कमी दाबणाऱ्या, जड कोडेकमध्ये मास्टर (उत्तम दर्जाची मूळ प्रत) काढून त्यातून हव्या त्या एमपी4 बनवायच्या. एमपी4 आणि एमओव्ही ही नुसती खोकी, आत कोडेक (चित्र दाबून साठवण्याची पद्धत) कोणता ते महत्त्वाचं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरून पुढे जातो.

एच.264 ची बाजू भक्कम आहे. 2003 चं हे मानक, पण फोन, टीव्ही, ब्राउझर, कुठेही विनातक्रार चालतं. 1080पी, 25 किंवा 30 फ्रेमना यूट्यूब 8 एमबीपीएस (सेकंदाला इतके मेगाबिट, म्हणजेच बिटरेट) सुचवतं. मी 16 देतो. तिकडे फाइल पुन्हा एन्कोड होतेच, तेव्हा त्या दुसऱ्या फेरीला मूळ जितकं स्वच्छ मिळेल तितकं चांगलं. 16 एमबीपीएसला 10 मिनिटांचे साधारण 1.2 जीबी होतात, अपलोडला ते फारसे जड नाहीत.

त्याची दुखणी दोन. नेहमीच्या एक्सपोर्टमध्ये 8 बिट आणि 4:2:0 मिळतं. 8 बिटमध्ये रंगाच्या छटा मोजक्याच, त्यामुळे संध्याकाळचं आकाश, धुकं, भिंतीवरचा मंद होत जाणारा प्रकाश यांत पट्टे दिसतात. हलका ग्रेन (फिल्मसारखे बारीक दाणे) टाकला तर ते बरेचसे लपतात. 4:2:0 मुळे रंगाची माहिती आडवी आणि उभी दोन्हीकडे निम्मीच साठवली जाते, म्हणून काळ्यावर लाल अक्षरं ठेवली की कडा फिसकटतात. बिटरेट कितीही वाढवला तरी हा दोष जात नाही, अक्षरांचा रंगच बदलावा लागतो.

एच.265 2013 चं. त्याच दर्जाला फाइल निम्म्यावर येते असं म्हणतात. स्थिर कॅमेरा, समोर बोलणारा माणूस, मागे साधी भिंत असेल तर माझा अनुभव त्याच्या जवळ जातो. पाणी, हलणारी पानं, गर्दी, ग्रेन आलं की फरक आक्रसतो, आणि ग्राफिक्स कार्डाच्या एन्कोडरवर काढलं तर आणखीच. मेन 10 प्रोफाइल निवडला की 10 बिट मिळतात. एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) द्यायचं असेल तर हीच वाट धरावी.

अडचण समोरच्याच्या मशीनवर येते. विंडोजवर कित्येकदा वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं, आणि जुन्या टीव्हीवर नुसता आवाज येतो, पडदा काळा. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना चकवते. एमपी4 मधल्या एच.265 ला दोनपैकी एक टॅग असतो, एचईव्ही1 किंवा एचव्हीसी1. पहिला असेल तर फाइल इतर प्लेयरमध्ये नीट चालते, पण ॲपलचा प्लेयर क्विकटाइम तिला हात लावत नाही. अशी फाइल पुन्हा एन्कोड करू नका. एफएफएमपेग या मोफत साधनाने व्हिडिओ आणि ऑडिओ जसेच्या तसे कॉपी करून टॅग तेवढा एचव्हीसी1 करा, काम क्षणात होतं आणि दर्जाला धक्का लागत नाही. (एव्ही1 या आणखी नव्या कोडेकबद्दल इतकंच: अपलोड केल्यावर प्लॅटफॉर्म स्वतः तो बनवतं तेवढं सध्या पुरे, एडिटरमधून काढण्याची घाई नको.)

माझ्यापुरता निकाल लागला तो दुरुस्तीच्या फेरीत. 40 मिनिटांची फिल्म आहे, अर्ध्या शॉट्सवर नॉइज रिडक्शन (चित्रातली खरखर घालवणारा जड इफेक्ट) आहे, एक्सपोर्टला काही तास लागतात. फाइल पाठवल्यावर उत्तर येतं की श्रेयनामावलीत एका नावाची वेलांटी चुकली आहे. बदल 4 सेकंदांचा, पण थेट एच.264 किंवा एच.265 काढला असेल तर सगळी फिल्म पुन्हा रेंडर करावी लागते. या कोडेकमधल्या बहुतेक फ्रेम आधीच्या-नंतरच्या फ्रेमवर अवलंबून असतात. पूर्ण साठवलेली फ्रेम अधूनमधूनच येते, त्यामुळे मधेच कापून नवा तुकडा बसवला तर जोडावर चित्र फाटतं किंवा काही क्षण करडं होतं. प्रोरेस आणि डीएनएक्सएचआरमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, म्हणून तिथे ठिगळ बसतं.

कृती अशी. मूळ टाइमलाइनवर दुरुस्ती करा, त्या शॉटच्या कटपासून कटपर्यंत इन-आउट (सुरुवात-शेवटाच्या खुणा) लावा आणि तेवढाच तुकडा मास्टरच्याच सेटिंगने काढा. मग नवा प्रोजेक्ट उघडा, त्यात कलर मॅनेजमेंट (रंगांचं आपोआप रूपांतर) बंद ठेवा. मास्टरच्याच रिझोल्यूशन आणि फ्रेमरेटची टाइमलाइन करा, तिचा टाइमकोडही (फ्रेमची वेळ सांगणारा आकडा) मास्टर जिथून सुरू होतो तिथूनच सुरू करा. मास्टर ठेवा, चुकलेला भाग कापून काढा, त्या जागी नवा तुकडा बसवा. बदल फक्त चित्राचा असेल तर ऑडिओ मास्टरचाच राहू द्या, म्हणजे जोडावर टकटक येत नाही. दा विंची रिझॉल्व्हमध्ये डिलिव्हर पानावरच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'बायपास री-एन्कोड व्हेन पॉसिबल' चालू करा. प्रीमियरमध्ये हाच प्रकार स्मार्ट रेंडरिंग म्हणून आहे. सगळं जुळलं तर फ्रेम नुसत्या कॉपी होतात आणि वेग डिस्कच्या वेगाइतका चढतो. रेंडर नेहमीच्या गतीने रेंगाळलं तर काहीतरी जुळलेलं नाही असं समजा. बहुतेक वेळा झूम 100 ऐवजी 101 झालेला असतो किंवा एखादा इफेक्ट राहून गेलेला असतो.

यासाठी जागा मोजावी लागते, हे खरं. 1080पी 25 ला प्रोरेस 422 साधारण 122 एमबीपीएस घेतो, म्हणजे 10 मिनिटांना 9 जीबीच्या थोडं वर. 4के यूएचडीला हेच 37 जीबीच्या घरात जातं. प्रोरेसचाच हलका प्रकार एलटी घेतला तर सुमारे तीस टक्के वाचतात, आणि बोलक्या मुलाखतींमध्ये मला तरी फरक दिसत नाही. प्रोरेसच्या वरच्या प्रकाराची, एचक्यूची, गरज मला क्वचितच भासली. पुढे कोणी जोरदार ग्रेडिंग (रंगांची फेरजुळणी) करणार असेल तर मात्र घ्या. डीएनएक्सएचआर घेणाऱ्यांनी नावाकडे नीट पाहावं: त्यातला एचक्यू 8 बिट आहे, 10 बिट हवे असतील तर एचक्यूएक्स. निव्वळ नाव बघून एचक्यू निवडला तर आकाशातले पट्टे मास्टरमध्येच कायमचे बसतात.

मास्टर हातात आला की त्यातून एच.264 काढायला नॉइज रिडक्शन पुन्हा चालत नाही. हँडब्रेक या मोफत कन्व्हर्टरमध्ये एक्स264 (एच.264 बनवणारा एन्कोडर), आरएफ (दर्जाचा आकडा) 18, फ्रेमरेट 'सेम ॲज सोर्स' आणि कॉन्स्टंट, 'वेब ऑप्टिमाइज्ड'वर खूण, एवढं पुरतं. कोणी एच.265 मागितलं तर तेही त्याच मास्टरमधून निघतं.

30 सेकंदांची रील असेल, इफेक्ट मोजके असतील आणि पूर्ण रेंडर दोन-तीन मिनिटांत उरकत असेल, तर मात्र मास्टरच्या भानगडीत पडू नका. तिथे दुरुस्ती आली तर सरळ टाइमलाइनवरून नवा एच.264 काढणं लवकर होतं.