संपलं, घटलं की वापरलं? इंग्रजी क्रियापद निवडताना

'सूत संपलं.' मराठीत दोन शब्दांत काम झालं. हेच सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून परदेशी ग्राहकाला इंग्रजीत कळवायचं तर थिसॉरस कन्झ्यूम, डिप्लीट, एक्झॉस्ट, ड्रेन, यूज अप, एक्स्पेंड अशी सगळी फौज एका ओळीत उभी करतो. जणू कोणतंही उचला, चालेल. तसं चालत नाही. निवडण्याआधी एक विचारावं: मागे उरलं किती? एवढं ठरलं की निम्मे पर्याय गळतात.

मोठा घोळ डिप्लीट आणि एक्झॉस्ट या दोघांत होतो. तो सोडवायला उजनी धरणासारखं उदाहरण नाही. धरणाची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला ६३ टीएमसीहून थोडा जास्त मृतसाठा, म्हणजे एरवी न सोडता येणारं तळाचं पाणी, बाकीचा उपयुक्त. उन्हाळ्यात पेपरात 'उजनी उणे' असं छापून येतं तेव्हा उपयुक्त साठा पुरता संपलेला असतो, पण धरणात पाणी असतंच. इंग्रजीत 'द लाइव्ह स्टोरेज इज एक्झॉस्टेड' हे बरोबर. 'द डॅम इज एक्झॉस्टेड' चूक, धरणासाठी 'डिप्लीटेड' हवं. एक्झॉस्ट म्हणजे काही उरलं नाही. डिप्लीट म्हणजे काळजी वाटावी इतकं घटलं, आणि पुन्हा भरायला वेळ लागेल.

म्हणूनच डिप्लीट साठ्यांसोबत शोभतं: भूजल, मासे, परकीय चलन, ओझोन. १९८७ च्या माँट्रियल करारात ज्या रसायनांवर बंधनं आली त्यांना 'ओझोन डिप्लीटिंग सबस्टन्सेस' म्हणतात. थर विरळ होत होता, नाहीसा झाला नव्हता. 'डिप्लीटेड युरेनियम'मध्येही युरेनियम भरपूर असतं, फक्त त्यातल्या २३५ या समस्थानिकाचं प्रमाण नैसर्गिक ०.७ टक्क्यांच्या खाली आलेलं असतं. उसाने बोअरची पाणीपातळी खाली नेली, हे लिहायला डिप्लीट अगदी चपखल. घरातली शेंगा चटणी संपली तर मात्र हा शब्द काढू नये, ऐकणाऱ्याला हसू येईल.

एक्झॉस्टला दोन वेगळे संसार आहेत. एक ऑफिस-कोर्टाचा. रजा पूर्ण वापरून झाली की 'लीव्ह एक्झॉस्टेड'. रिट याचिका घेऊन गेलात तर आधी दाद मागायचे इतर मार्ग 'एक्झॉस्ट' केले का, हे न्यायालय सहसा विचारतं. इथे दुसरं क्रियापद घालू नये, तो ठरलेला प्रयोग आहे. दुसरा संसार डाईंगचा, म्हणजे सूत रंगवण्याचा, आणि तिथे वरचा नियम वाकतो. रंगाच्या पाण्यातून किती रंग सुतावर चढला, त्याला 'एक्झॉशन' म्हणतात आणि ते टक्क्यांत मोजतात. रिॲक्टिव्ह रंगात मीठ घालतात ते हे प्रमाण वाढवायला. सोडा नंतर, रंग पक्का बसवायला. म्हणजे डाईंग मास्टरच्या तोंडी एक्झॉशन ऐंशी टक्केही असू शकतं. लॅटिन मुळात या शब्दाचा अर्थ पाणी उपसून काढणे असा आहे, तेव्हा रंगवाल्यांचा वापर उलट जास्त जुन्या वळणाचा म्हणावा लागेल.

माणसाबद्दल 'एक्झॉस्टेड' म्हणजे पार दमलेला, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण 'एक्झॉस्टिव्ह रिपोर्ट' म्हणजे सर्वांगीण अहवाल आणि 'एक्झॉस्टिंग रिपोर्ट' म्हणजे वाचणाऱ्याला दमवणारा. साहेबांना मेल करताना दोनदा बघा.

कन्झ्यूम उरल्याबद्दल काहीच सांगत नाही, हाच त्याचा गुण. लूमने किती युनिट वीज घेतली, डझन टॉवेलला किती किलो सूत लागलं, अशा हिशेबाला कन्झ्यूम. गोदामात किती शिल्लक, हा प्रश्न वेगळा राहतो. खाण्यापिण्याबद्दल हा शब्द पाकिटावर नि सरकारी सूचनेत ठीक. 'आय कन्झ्यूम्ड कडक भाकरी' मात्र बोलणं नव्हे, पंचनामा वाटतो. सरळ 'एट' किंवा 'हॅड' म्हणावं.

पत्रात आणि फोनवर खरी कामाची क्रियापदं साधीच आहेत. 'वुई हॅव रन आउट ऑफ यार्न' म्हणजे संपलं. कोणी संपवलं याची वाच्यता नाही. 'वुई हॅव यूज्ड अप द लॉट' म्हणजे आम्ही वापरून संपवला, म्हणजे तो कामी आला. पहिल्यात नियोजन चुकल्याचा थोडा वास येतो, दुसऱ्यात येत नाही. ग्राहकाला लिहिताना मी दुसरं घेईन. आणि अजून संपलं नसेल, संपत आलं असेल, तर 'वुई आर रनिंग लो ऑन यार्न'. पुरवठादाराला हलवायला हेच सगळ्यांत उपयोगी, आणि आपल्याकडे हेच सगळ्यांत कमी वापरलं जातं.

आपलं 'स्टॉक गॉट ओव्हर' किंवा 'पेट्रोल गॉट ओव्हर' सोलापुरात काय नि पुण्यात काय, सगळ्यांना कळतं. परदेशी माणूस अडखळतो. त्याच्या लेखी मॅच ओव्हर होते, परीक्षा ओव्हर होते, वस्तू ओव्हर होत नाही. देशातल्या देशात खुशाल वापरा.

ड्रेनमध्ये हळूहळू गळती आहे, आणि बऱ्याचदा गेलेलं कुठे गेलं याचाही पत्ता आहे. दादाभाई नौरोजींच्या मांडणीला 'ड्रेन' हा शब्द बसला तो याचसाठी: संपत्ती इथे खर्ची पडली नाही, इंग्लंडकडे वाहत गेली. डिप्लीटने फक्त घट कळली असती. मोबाइलची बॅटरी आणि माणसाचा उत्साह यांनाही ड्रेन छान लागतं.

राहिले स्क्वाँडर आणि एक्स्पेंड. स्क्वाँडर म्हणजे उधळणं. हा थेट आरोप आहे, ऑडिटच्या उत्तरात चुकूनही नको. एक्स्पेंड हे एक्स्पेंडिचरच्या ओढीने आपल्या पत्रांत शिरतं. पैशांसाठी 'स्पेंट' लिहिलं तरी अर्थ तोच राहतो आणि वाक्य हलकं होतं.