ठाणे ते परळ पेट टॅक्सी, 4 स्टार

आमचा शेरू लॅब्रॅडॉर, 32 किलोचा गडी, त्याला परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला (जनावरांचा दवाखाना) न्यायचं होतं आणि साधे कॅबवाले कुत्रा बघितला की काच वर करून पुढे, असं तीनदा झालं, मग पेट टॅक्सी बोलावली. मागच्या सीटवर वॉटरप्रूफ कव्हर होतं, ड्रायव्हरदादांनी पट्टा कॉलरला नाही तर छातीच्या हार्नेसला लावून सीटबेल्टच्या बकलात अडकवला, ब्रेक लागला की मानेला हिसका बसतो ना. पुढे बसवू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, एअरबॅग उघडली तर त्याला लागेल. काच चार बोटंच उघडी म्हणून साहेब रुसले 😄 भाडं जवळपास दुप्पट, आणि गाडी 20 मिनिटं लेट आली तिथे एक स्टार कापला. निघायच्या आधी खायला देऊ नका, आम्ही बिस्किटं दिली, सायनला कव्हर कामी आलं.